सातासमुद्रापारचे टपाल : डॉ. आनंदीबाई जोशी

(द्वितीय वर्ष, कला)

माझ्या आजीच्या पत्र्याच्या पेटीत मनिऑर्डरच्या कुपनांची एक जुनी गड्डी आहे. आजोबा सातारा जिल्ह्यातून मुंबईला आले, माथाडी म्हणून बाजारात पाठीवर पोती वाहू लागले आणि दर महिन्याला गावी पैसे पाठवू लागले. त्या कुपनावर मजकुरासाठी बोटभर जागा असे. आजोबा कोणाकडून तरी दोन ओळी लिहवून घेत आणि गावचा पोस्टमन त्या आजीला वाचून दाखवी. आजीला अक्षर येत नव्हते. मी एकदा तिला विचारले, तू उलट काय कळवायचीस? ती म्हणाली, जे पोस्टमनसमोर बोलता येईल तेवढेच. बाकीचे मनात ठेवायचे.

आज आम्ही तुर्भ्याला राहतो. आमच्या चाळीतून दोन मुले आखातात नोकरीला गेली आहेत. त्यांच्या आया रोज रात्री फोनच्या पडद्यावर त्यांचे तोंड पाहतात. परदेश म्हणजे काय, दुरावा म्हणजे काय, हे आता कोणाला फारसे जाणवत नाही. परंतु आजीचे ते उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. त्याच सुमारास आमच्या ग्रंथालयात डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याविषयी वाचण्यात आले, आणि एक गोष्ट प्रकर्षाने ध्यानात आली. या थोर स्त्रीचे सारे आयुष्य टपालाने घडवले! तिचा पती टपाल खात्यात, तिचे अमेरिकेला जाणे एका पत्रामुळे, तिथला तिचा आधार पत्रांचा, आणि तिचे मन आज आपल्याला कळते तेही पत्रांमुळेच. म्हणून हे चरित्र मी टपालाच्या वाटेनेच सांगणार आहे.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 रोजी कल्याणला झाला. आपल्या नव्या मुंबईपासून कल्याण ते किती दूर! माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी हे जुने वतनदार, पण घराण्याचे वैभव ओसरलेले. त्या काळच्या रीतीप्रमाणे वयाच्या नवव्या वर्षी यमुनेचे लग्न ठरले. वर होते गोपाळराव जोशी, टपाल खात्यातील कारकून, विधुर, वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. लग्नाला त्यांची एकच अट होती, बायकोला शिकवू देण्याची. हुंडा मागणारे पुष्कळ असतात. शिकवण्याची परवानगी मागणारा जावई त्या काळी विरळाच. यमुनेची आनंदी झाली आणि तिच्या हाती पाटी आली.

परंतु गोपाळरावांचे शिकवणे म्हणजे प्रेमळ गुरुजींचे शिकवणे नव्हते. ते अत्यंत तापट होते. इतर घरांत बायको अभ्यास करते म्हणून मार खाई, इथे अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमते म्हणून मार बसे. लहानग्या आनंदीला हा उफराटा न्याय कसा समजावा? माहेरी, शेजारीपाजारी तिचे हसे होत होते ते वेगळेच. यातून सुटका म्हणून गोपाळरावांनी बदली मागून घेतली आणि ते तिला घेऊन अलिबागला गेले. टपाल खात्याची नोकरी म्हणजे बदल्यांची नोकरी. पुढे कोल्हापूर, मुंबई, कच्छमधील भूज, मग कलकत्ता, बराकपूर, श्रीरामपूर असा या संसाराचा प्रवास झाला. ज्या काळी बाईने उंबरठा ओलांडणे दुर्मीळ होते, त्या काळी आनंदीबाईंनी अर्धा हिंदुस्थान पाहिला, तो नवऱ्याच्या बदल्यांमुळे.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर बाळ वाचले असते, असे त्यांच्या मनाने घेतले. पुरुष डॉक्टरापुढे जायला बायका लाजत आणि स्त्री डॉक्टर तर नव्हतीच. आपणच डॉक्टर व्हावे, हा विचार या दुःखातून रुजला. अशा दुःखाने कितीतरी आया त्या काळी रडून गप्प बसल्या असतील. चौदा वर्षांच्या या आईने त्या रडण्यातून आयुष्याचे काम शोधले, हेच तिचे मोठेपण.

आता टपालाची खरी गोष्ट सुरू होते. कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी 1878 मध्ये अमेरिकेला एक पत्र लिहिले. ज्यांना लिहिले ते रॉयल वाइल्डर हे मिशनरी कोल्हापुरात अनेक वर्षे काम करून मायदेशी परतले होते आणि प्रिन्स्टनहून धर्मप्रसाराचे एक मासिक चालवीत होते. बायकोला अमेरिकेत शिकवायचे आहे, मला तिथे काही काम मिळेल काय, अशी ती विचारणा होती. वाइल्डर यांनी हे पत्र आपल्या मासिकात छापले आणि सोबत आपले उत्तरही छापले. त्या उत्तराचा अर्थ एवढाच, की ख्रिस्ती झालात तर मदत होईल. धर्म सोडण्याची दोघांचीही तयारी नव्हती. तेव्हा तो विषय तिथेच संपायला हवा होता.

तो संपला नाही याचे कारण मोठे गमतीचे आहे. न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या एक बाई 1880 मध्ये दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. आपली पाळी येईपर्यंत वेळ जावा म्हणून त्यांनी तिथे पडलेले एक जुने मासिक हाती घेतले. ते नेमके वाइल्डर यांचे निघाले! हिंदुस्थानातील कोणी एक मुलगी शिकू पाहते आणि तिला धर्माची अट घातली जाते, हे वाचून त्या बाई अस्वस्थ झाल्या. त्यांनी घरी येऊन त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिले. दाढदुखीतून इतके चांगले काही निघाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही.

इथे थोडे थांबून त्या काळच्या परदेशी टपालाविषयी सांगितले पाहिजे. पूर्वी एका देशातून दुसऱ्या देशात पत्र पाठवणे फार कटकटीचे होते. प्रत्येक देशाचे दुसऱ्याशी वेगळे करार, वेगळे दर, आणि वाटेतल्या प्रत्येक देशाचा वेगळा हिस्सा. 1874 मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे बावीस देशांनी एकत्र येऊन टपाल संघ स्थापला. पुढे 1878 मध्ये त्याला जागतिक टपाल संघ हे नाव मिळाले. सर्व सभासद देश म्हणजे टपालापुरता एकच मुलूख, असे त्याचे तत्त्व. आपल्या देशाचे तिकीट लावा, पत्र जगभर पोचेल. अमेरिका पहिल्यापासून या संघात होती आणि हिंदुस्थान 1 जुलै 1876 पासून त्यात आला. गोपाळरावांचे पत्र त्यानंतर दोनच वर्षांनी गेले. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्याने वाटही जवळ झाली होती. मुंबईहून आगबोटीने सुएझ, तिथून इटलीचे ब्रिंडिसी बंदर, मग रेल्वेने युरोप ओलांडून लंडन, आणि पुन्हा आगबोटीने अटलांटिक पार करून न्यूयॉर्क, अशी टपालाच्या थैल्यांची वाट असे. एका पत्राला जायला कित्येक आठवडे, उत्तर यायला तितकेच. म्हणजे आज विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ऋतू बदलल्यावर हाती पडायचे!

अशा संथ वाटेवरून आनंदीबाई आणि कार्पेंटरबाई यांची मैत्री वाढली. 1880 पासून तीन वर्षे, एकमेकींचे तोंडही न पाहता! आनंदीबाईंनी त्यांना मावशी मानले. दोघी एकमेकींना आपापल्या देशाच्या चालीरीती कळवत. बालविवाहाने मुलींच्या शरीराची कशी हानी होते, हा विषयही पत्रांतून आला. आनंदीबाईंचे इंग्रजी या पत्रांवरच पोसले गेले. पुढे कलकत्त्यास त्यांची प्रकृती बिघडली. डोके दुखे, ताप येई, श्वास लागे. तेव्हा मावशींनी अमेरिकेहून औषधे धाडली. गुण आला नाही, पण सातासमुद्रापलीकडे कोणीतरी आपल्या तापाची काळजी करते, हे समाधान काय थोडे होते?

1883 मध्ये गोपाळरावांची बदली बंगालमधील श्रीरामपूरला झाली. स्वतःला जाता येत नाही हे पाहून त्यांनी बायकोला एकटीलाच अमेरिकेस पाठवायचे ठरवले. एकच गिल्ला झाला. ब्राह्मणाची बायको, समुद्र ओलांडणार, तीही एकटी! ख्रिस्ती मंडळींना ती बाटावी असे वाटे, तर आपल्या मंडळींना ती बाटणारच अशी खात्री. 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी सर्वांना इंग्रजीतून जाहीर उत्तर दिले. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज का आहे, मुंबईत शाळेला जाताना रस्त्यावरचे लोक कसे छळत, आणि आपण हिंदू म्हणूनच जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, हे सारे त्यांनी निर्भयपणे मांडले. त्या वेळी त्यांना अठरावे वर्ष चालू होते. मला आज एकोणिसावे पूर्ण आहे, आणि वर्गात उभे राहून प्रश्न विचारायचा तर माझे पाय कापतात!

या भाषणाची वार्ता सर्वत्र गेली. व्हाइसरॉयनीही 200 रुपयांची मदत दिली. 7 एप्रिल 1883 रोजी मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने आनंदीबाई कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या आणि जवळजवळ दोन महिन्यांनी, 4 जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. ज्या वाटेने इतकी वर्षे पत्रे गेली, त्याच वाटेने आता पत्र लिहिणारी गेली. धक्क्यावर कार्पेंटर मावशी उभ्या होत्या. तीन वर्षे केवळ अक्षर ओळखीचे होते. आता माणूस समोर आला.

रोझेलला मावशींच्या घरून आनंदीबाईंनी 28 जून 1883 रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिले. आपले शिक्षण बेताचे आहे, पण पुरुष डॉक्टरांपुढे जाऊ न शकणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी हे ज्ञान हवे आहे, अशी ती विनंती होती. हे पत्र फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दप्तरखान्यात आजही जपलेले आहे. महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली. तिथल्या प्रमुख रेचल बॉडली यांनी त्यांच्यावर माया केली. 1885 च्या ऑक्टोबरात काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात साडीतल्या आनंदीबाई, किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशाच्या पोशाखातल्या सीरियाच्या साबात इस्लांबूली शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात. तिघीही आपले घर आगबोटीपलीकडे ठेवून आलेल्या. तिघींनाही घरच्या टपालाची वाट पाहावी लागत असणार.

पण आनंदीबाईंना येणारे घरचे टपाल नेहमीच सुखाचे नसे. गोपाळराव मागे राहिले आणि त्यांच्या मनात संशयाने घर केले. आपणच जिला धाडले ती आता बदलेल, पोशाख बदलेल, धर्म बदलेल, आपल्याला विसरेल, असे त्यांना वाटू लागले. पत्रांतून बोचरे शब्द येऊ लागले. परक्या देशात, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, धुराने भरणाऱ्या खोलीत दिवसरात्र अभ्यास करणाऱ्या त्या मुलीला ती पत्रे वाचून काय वाटले असेल?

त्यांनी गप्प बसून सोसले नाही. त्यांनी उत्तर लिहिले. त्या उत्तरात, दहाव्या वर्षापासून आपल्याला लाकडाने झालेली मारहाण, अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या, हे सारे त्यांनी शांतपणे नोंदवले. हिंदू बायकोला नवऱ्यापुढे बोलण्याचा हक्कच नसल्याने त्या वेळी आपण मुकाट्याने सोसले, हेही लिहिले. आणि तरीसुद्धा, ही वागणूक चांगली होती की वाईट याचा निवाडा आपल्याला करवत नाही, हेही प्रामाणिकपणे कबूल केले. नवऱ्याविषयीची कृतज्ञता त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

या पत्राविषयी वाचले तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. गोपाळराव नसते तर आनंदीबाई डॉक्टर झाल्या नसत्या, हे तर खरेच. मग त्या माराचे काय? आमच्या वस्तीत अजून ऐकू येते, की मारले म्हणून पोरगे शिकले. मला वाटते, उपकार मोठा होता म्हणून मार बरोबर ठरत नाही, आणि मार वाईट होता म्हणून उपकार खोटा ठरत नाही. आनंदीबाईंनी दोन्ही गोष्टी एकाच कागदावर मांडल्या, एकीने दुसरी खोडली नाही. हे कल्याणच्या किंवा अलिबागच्या घरात, समोरासमोर, त्यांना बोलता आले असते काय? मला तसे वाटत नाही. मध्ये समुद्र होता, हाती लेखणी होती आणि पत्र पोचवणाऱ्याला ते वाचून दाखवायचे नव्हते, म्हणून ते बोलता आले. इथे मला माझी आजी आठवली. तिला जे मनात ठेवावे लागले, ते आनंदीबाईंना लिहिता आले. अक्षर येणे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळले.

पुढे गोपाळराव स्वतः नोकरी सोडून निघाले आणि ब्रह्मदेश, चीन, जपान अशा पूर्वेच्या वाटेने 1885 मध्ये अमेरिकेत पोचले. तिथे त्यांनी व्याख्याने दिली आणि ज्या देशाने आपल्या बायकोला आसरा दिला त्याच्यावरच कडक टीका केली. असा हा विलक्षण माणूस! 11 मार्च 1886 रोजी आनंदीबाईंना एम.डी. ही पदवी मिळाली. त्यांचा प्रबंध प्राचीन आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. समारंभाला गोपाळराव होते, इंग्लंडहून पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. एकवीस वर्षांची होण्यापूर्वी एक मराठी मुलगी अमेरिकेत डॉक्टर झाली. व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदनाचा संदेश आला. कोल्हापूर संस्थानानेही त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाचे प्रमुखपद देऊ केले. जिथून गोपाळरावांचे पहिले पत्र अमेरिकेला गेले होते, त्याच कोल्हापुरातून हे बोलावणे यावे, हा योग पाहा!

पण शरीर थकले होते. क्षयाने त्यांना ग्रासले. 1886 च्या नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या तेव्हा लोकांनी जयजयकार केला. कालपर्यंत नावे ठेवणारेच आज हार घेऊन आले. कोल्हापूरच्या त्या जागेवर त्यांना कधीच बसता आले नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. बावीस वर्षे पूर्ण व्हायला महिना राहिला होता. एकाही रुग्णाची नाडी त्यांना आपल्या देशात डॉक्टर म्हणून नीट पाहता आली नाही.

त्यांची रक्षा मात्र पुन्हा त्याच वाटेने गेली. गोपाळरावांनी ती कार्पेंटर मावशींकडे पाठवली आणि मावशींनी ती न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. तिथे त्यांचा दगड आजही उभा आहे. मासिकातले एक पत्र वाचून सुरू झालेली मैत्री अशी संपली. की संपली नाहीच?

कारण ती पत्रे राहिली. अमेरिकेत कॅरोलाइन डॉल यांनी 1888 मध्ये त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले. आपल्याकडे काशीबाई कानिटकरांनी पत्रांच्या आधारे त्यांचे मराठी चरित्र लिहिले. पुढे श्री. ज. जोशी यांची आनंदी गोपाळ ही कादंबरी आली, अंजली कीर्तने यांनी अनेक वर्षे शोध घेऊन ग्रंथ लिहिला, 2019 मध्ये चित्रपटही निघाला. आनंदीबाईंनी रुग्णालय उभारले नाही, मोठा व्यवसाय केला नाही. तरी इतकी माणसे त्यांच्याकडे परत परत का जातात? मला वाटते, त्यांचे मन त्यांच्याच अक्षरांत शिल्लक आहे म्हणून. पत्र लिहून ठेवले नसते तर गोपाळरावांच्या नावाखाली त्यांचे नाव केव्हाच पुसले गेले असते.

हा लेख लिहून झाल्यावर मी आजीला वाचून दाखवला. ऐकून ती पेटी उघडून बसली. म्हणाली, तुझ्या आजोबांना एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती तू लिहून घे. आजोबा जाऊन आता नऊ वर्षे झाली. मी वही घेतली आणि तिने सांगितले ते लिहून घेतले. काय लिहिले ते इथे सांगत नाही, कारण ते पत्र तिचे आहे. ते तिच्या कुपनांच्या गड्डीखाली ठेवले आहे.

ज्या मुलीने सातासमुद्रापार जाऊन आपल्या मनातले लिहून पाठवले, त्या कल्याणच्या लेकीला, डॉ. आनंदीबाई जोशी यांना, माझे विनम्र अभिवादन.